लास्ट पॅरेड

अक्षरओळख होण्याआधी मला पान्यांची ओळख झाली. साताऱ्याजवळ, पुणे-बंगळूर रस्त्याला लागून आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, समोर एक वडाचं झाड आणि आतल्या भिंतीवर लाकडाच्या दोन मोठ्या फळ्या. फळ्यांवर खिळे ठोकून पाने, हातोड्या, पक्कडी टांगलेल्या असत आणि प्रत्येक हत्याराच्या मागं त्याच हत्याराची पांढऱ्या रंगानं काढलेली आकृती असे. हत्यार काढलं की भिंतीवर त्याची सावली उरायची. संध्याकाळी एखादी सावली रिकामी दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, असा आबांचा शिरस्ता होता. ही पद्धत त्यांनी फौजेतून आणली होती. मी चार-पाच वर्षांची असताना रिकाम्या सावल्या शोधायचं काम माझ्याकडं होतं आणि मला त्याचा फार अभिमान वाटे.

फळ्या दोन का, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. डावीकडची फळी इंची पान्यांची होती आणि उजवीकडची मिलिमीटरच्या पान्यांची. इंची पाना मिलिमीटरच्या नटाला बसल्यासारखा वाटतो. पण जोर लावला की नटाच्या कडा झडतात. "नट गेला की बोल्ट गेला, आन् बोल्ट गेला की दिवस गेला," असं आबा म्हणायचे. साताऱ्या-सांगलीकडं फिरलेल्या जुन्या लष्करी गाड्यांचा निम्मा इतिहास त्या दोन फळ्यांवर टांगलेला होता, असं आज मागं वळून बघताना वाटतं.

इंची फळी दुसऱ्या महायुद्धाची. त्या युद्धात दोस्त राष्ट्रांनी ट्रक किती बनवले याचा हिशेब ऐकला तर आपण थक्क होतो. एकट्या कॅनडात फोर्ड आणि शेवरोले यांनी मिळून ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी एकाच ठरीव नमुन्याचे चार लाखांहून अधिक लष्करी ट्रक तयार केले. जीपगाड्या सहा लाखांहून अधिक झाल्या. कॅनडाचे हे ट्रक चपट्या नाकाचे होते. इंजिन चालकाच्या जवळ जवळ मांडीपाशी आल्यानं गाडीची लांबी कमी व्हायची आणि जहाजात जागा कमी लागायची. स्टिअरिंग उजवीकडं असल्यामुळं ते आपल्या रस्त्यांनाही चालून गेले. फोर्डला आठ सिलिंडरांचं ९५ अश्वशक्तीचं इंजिन, शेवरोलेला सहा सिलिंडरांचं ८५ अश्वशक्तीचं. दोन्ही पेट्रोलवर चालणारी.

युद्ध १९४५ साली संपलं आणि हिंदुस्थानात साठलेला माल विक्रीला निघाला. 'डिस्पोजल' हा शब्द मराठीत आला तो तेव्हा. डिस्पोजलचे कोट, डिस्पोजलचे तंबू आणि डिस्पोजलचे ट्रक. युद्धाच्या काळात पेट्रोलवर नियंत्रण असल्यानं सर्व्हिस मोटारी मागं कोळशाच्या गॅसची भट्टी लावून धावत होत्या. त्या खिळखिळ्या मोटारींच्या तुलनेत डिस्पोजलचा ट्रक म्हणजे पैलवानच. कुणी त्यावर लाकडी बॉडी चढवून प्रवासी बसवले, कुणी माल भरला. पुढं १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि प्रवासी वाहतूक हळूहळू सरकारकडं गेली. तेव्हा खाजगी मालकांचे ट्रक मालवाहतुकीत शिरले. गूळ, लाकूड, हळद, विटा, जे मिळेल ते.

अशाच गाड्यांच्या एका गॅरेजात आबा तेरा-चौदा वर्षांचे असताना पोऱ्या म्हणून लागले. त्यांच्या उस्तादानं त्यांना पहिला धडा दिला तो इंजिनाचा नव्हे, अंगठ्याचा. हँडल मारून गाडी चालू करताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलभोवती वेढायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल मुठीतून निसटून जातं. अंगठा वेढलेला असेल तर तो मोडतो. दुसरा धडा घाटाचा. खंबाटकी चढताना उन्हाळ्यात इंजिन इतकं तापायचं, की पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि पुढं पेट्रोल जायचं बंद व्हायचं. मग पंपावर आणि नळीवर ओलं फडकं गुंडाळून, वाफेचं पुन्हा पेट्रोल होईपर्यंत सावलीला बसायचं. आबांच्या लहानपणच्या गोष्टींत राक्षस आणि राजपुत्र नव्हते, ओली फडकी होती. पुढं या ट्रकांतली तहानलेली पेट्रोल इंजिनं काढून पर्किन्सची डिझेल इंजिनं बसवायची टूम निघाली आणि नाक कॅनडाचं, काळीज दुसऱ्याचंच, असे ट्रक कितीतरी वर्षं चालत राहिले.

मिलिमीटरची फळी आली ती स्वतंत्र भारताच्या फौजेबरोबर. मान या जर्मन कंपनीशी करार करून १९५९ च्या सुमारास जबलपूरला लष्करासाठी ट्रक तयार होऊ लागले. त्यांचं नाव शक्तिमान. त्याच्याबरोबर निसानच्या परवान्यानं एक टनी गाडी आली आणि जोंगा आली. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेम्ब्ली' या लांबलचक नावाची आद्याक्षरं म्हणजे जोंगा, हे आबा पाहुण्यांना कोडं म्हणून घालत. शक्तिमानचा प्रत्येक नट मिलिमीटरचा. १९९६ पर्यंत तो बनत राहिला, म्हणजे सैनिकांच्या दोन पिढ्यांनी त्याच्या पाठीवर बसून प्रवास केला.

आबा १९६० साली भरती झाले. सातारा जिल्ह्यात भरती होणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आमच्याकडं अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातल्या ४६ जणांनी प्राण दिले. गावात त्यांचं स्मारक आहे. आबांना मात्र बंदुकीपेक्षा पान्याची सवय असल्यामुळं त्यांची निवड ईएमईत झाली. १९४३ साली युद्धाच्या धामधुमीत उभी राहिलेली ही लष्कराची दुरुस्तीची शाखा. 'कर्म ही धर्म' हे तिचं ब्रीद. १९६५ आणि १९७१ या दोन्ही लढायांत आबांनी शत्रू पाहिला नाही, गाड्यांची पोटं पाहिली. रात्री ताडपत्री टाकून, तिच्याखाली बॅटरी धरून गिअरबॉक्स उतरवायचा आणि उजाडायच्या आत चढवायचा. "आमची लढाई उताणं पडूनच," असं ते हसत सांगायचे.

पण फौजेतून त्यांनी आणलेली सर्वांत मोठी चीज म्हणजे तीन पॅरेडी. त्या फौजेतल्या प्रत्येक चालकाला रोज कराव्या लागतात. गाडी निघण्यापूर्वी फर्स्ट पॅरेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट पॅरेड आणि परत आल्यावर लास्ट पॅरेड.

फर्स्ट पॅरेडला गाडीखालची जमीन बघायची. रात्रीत तेलाचा किंवा पाण्याचा थेंब पडला असेल तर गाडी काहीतरी सांगते आहे. मग तेल, पाणी, बॅटरी, दिवे, चाकांचे नट. टॉमीनं टायर वाजवून बघायचा, हवा कमी असेल तर आवाज बद्द येतो. हॉल्ट पॅरेडला चहा पिण्याआधी चारी बाजूंनी फिरून चाकाच्या हबला हाताची पालथी बाजू लावायची. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक धरतो आहे किंवा बेअरिंग जातं आहे. आणि लास्ट पॅरेडला सगळ्यांत आधी डिझेलची टाकी भरायची. आपण सकाळी भरतो. पण अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं आणि ते डिझेलमध्ये उतरतं. मग धुणं-पुसणं, आणि शेवटी दिवसभरात जाणवलेला प्रत्येक दोष वहीत लिहायचा. "दमल्यावर जी केली जाती, ती खरी पॅरेड. सकाळी तर कुणीबी करंल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

घरातही हाच कारभार होता. रात्री दिवा मालवण्यापूर्वी स्टोव्हची पिन, नळाची तोटी, दाराची कडी यांची लास्ट पॅरेड होई. आई एकदा वैतागून म्हणाली, "आवं, माजी पॅरेड कवा घ्यायची?" दुसऱ्या दिवशी आबा तिला गुडघेदुखीसाठी डॉक्टरांकडं घेऊन गेले.

निवृत्त झाल्यावर १९८२ मध्ये त्यांनी गॅरेज टाकलं आणि १९८८ मध्ये लष्करी डेपोच्या लिलावात एक शक्तिमान घेतला. लिलावाचा नियम एकच: जिथं आहे तिथं, जसं आहे तसं. फौज गाडी विकते ती 'बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर' ठरवून, म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला परवडत नाही म्हणून. फौजेला परवडत नाही, कारण तिथं प्रत्येक भाग नवा आणि प्रत्येक तास मोजलेला. गावाकडच्या मिस्त्रीचे तास कोण मोजतो? हा ट्रक फारसा चालला नव्हता, पण बरीच वर्षं एका जागी उभा होता. रबरी सील वाळून तडकले होते, ब्रेक धरून बसले होते, टाकीच्या तळाशी चिखल होता. तो ओढून आणला त्या दिवशी आबांनी आम्हाला बजावलं, "गाडी चालून मरत न्हाई, उभी राहून मरती."

आठ महिने त्यांनी त्यावर काम केलं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. सुटे भाग रॉकेलमध्ये धुऊन फडक्यावर ओळीनं मांडायचं काम माझं, आणि धाकट्या भावाचं काम ग्रीसच्या निपलांवरची माती खरवडून ती मोजायचं. शेवटी त्याच्या पाठीवर क्रेन बसली आणि खंबाटकीत, पसरणीत बंद पडलेल्या, कलंडलेल्या गाड्या काढायला तो जाऊ लागला. आमची शिक्षणं त्या ट्रकनं केली. माझं लग्न त्यानंच केलं म्हटलं तरी चालेल. मी सांगलीला, गावभागातल्या घरात आले आणि तिथल्या एका शाळेत शिकवू लागले.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकर विसरणार नाहीत. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, यावरून कल्पना यावी. आमच्या घराचा खालचा मजला बुडाला. सासूबाई, मी आणि मुलं माडीवर होतो. मिस्टर कामासाठी बाहेरगावी अडकलेले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटल्याची बातमी आली आणि बोटीत बसायचीही भीती वाटू लागली.

भावानं तो ट्रक साताऱ्याहून काढला. महामार्गाचा भरवसा नव्हता, म्हणून विट्यावरून, तासगावच्या बाजूनं तो आत आला. ट्रकवर पाण्याचे कॅन, बिस्किटं आणि दोऱ्या. आबा ७७ वर्षांचे होते, ते घरीच थांबले, पण फोनवरून त्यांनी त्याला पाण्यात गाडी घालायचे नियम पुन्हा म्हणून घेतले. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, ती कितीही मोठी असली तरी. साचलेल्या पाण्यातच, तेही आधी काठीनं खोली बघून. पंख्याचा पट्टा सैल करायचा, नाहीतर पंखा इंजिनावर पाणी उडवतो. खालच्या गिअरमध्ये एकाच वेगानं जायचं आणि पाय उचलायचा नाही. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळं ते ओलं झालं तरी चालतं. पण हवा घ्यायच्या तोंडातून पाणी आत गेलं तर संपलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

जवानांच्या बोटीनं आम्हाला कमी पाण्यापर्यंत आणलं आणि तिथून मांडीएवढ्या साचलेल्या पाण्यातून ट्रकनं विश्रामबागेच्या कोरड्या बाजूला. फक्त आम्हालाच नव्हे. दोन दिवस भाऊ तिथंच फेऱ्या मारत होता. म्हातारी माणसं, बाळंतिणी, एक शेळी, एकाची शिवणयंत्रं. लोकांनी फोटो काढले. आमच्या गल्लीत आजही त्या ट्रकचं नाव निघतं.

आम्हाला साताऱ्याला पोहोचवून भाऊ घरी आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. दोन दिवस त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यानं ट्रक वडाखाली लावला आणि तो झोपला. मी मुलांना कुशीत घेऊन बसले होते. आबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते. पुढचे बारा-तेरा दिवस आमचं सगळं लक्ष सांगलीच्या घराकडं होतं. चिखल, ओल्या गाद्या, मुलांची वह्या-पुस्तकं. भाऊ माझ्याबरोबर तिथं खराटा घेऊन उभा होता.

मग एका कामासाठी ट्रक बाहेर काढला तर मागच्या आसातून घरघर आली. आबांनी तेलाचा प्लग खोलला. तेल बाहेर आलं ते दुधाच्या चहाच्या रंगाचं. तापलेला आस गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते. त्याच रात्री तेल बदललं असतं तर काही झालं नसतं. दोन आठवडे पाणी आत राहिलं आणि बेअरिंगांना, दात्यांना गंज चढला.

भाऊ मान खाली घालून उभा राहिला. आबा त्याला बोलले नाहीत. त्यांनी नुसतं जॅक लाव म्हणून सांगितलं. बेअरिंगं मिळाली, कारण बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो आणि तो नंबर जुळला की कंपनी कुठलीही चालते. सीलही मापानं मिळाले. दातेरी क्राऊन आणि पिनियन मात्र नंबरानं दुकानात मिळत नाहीत. ते जोडीनंच घासलेले असतात, जोडीनंच घ्यावे लागतात आणि शक्तिमान बनणं बंद होऊन तेवीस वर्षं झाली होती. चार महिन्यांनी भंगारातल्या एका शक्तिमानची जोडी मिळाली. आबांनी खुर्चीवर बसून ती भावाकडून बसवून घेतली. निळा रंग लावून दाते एकमेकांना कुठं टेकतात ते बघायचं, पत्र्याच्या पातळ चकत्या घालून अंतर बदलायचं, पुन्हा बघायचं. एकवीस वेळा त्यांनी ते खोलायला लावलं.

आबा २०२१ मध्ये गेले. त्यांच्या पेटीत ट्रकच्या वह्या निघाल्या, १९८८ पासूनच्या, एकूण एकतीस. रोजची तारीख, गेलेले किलोमीटर, तीन पॅरेडींपुढं तीन टिंबं. मी त्या वाचत बसले आणि साहजिकच ऑगस्ट २०१९ काढला. ट्रक परत आला त्या तारखेला फर्स्ट पॅरेडपुढं टिंब होतं, हॉल्टपुढं होतं. लास्ट पॅरेडपुढं टिंब नव्हतं. तिथं त्यांच्या बारीक, उजवीकडं झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं: 'झाली नाही. जबाबदार: स्वतः.'

त्या रात्री ते जागे होते, हे मला आठवलं. ट्रक अंगणात आला तेव्हा ते ओट्यावर उभे होते. "गाडी पुसली का?" हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न त्या एकाच रात्री त्यांनी विचारला नव्हता. ते माझ्यापाशी येऊन बसले होते.

आता तो ट्रक रस्त्यावर जात नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवायची सोय २०२१ मध्ये झाली, पण ती दुचाकींसाठी आणि धंद्याला न लावलेल्या चारचाकींसाठी. आमची तर क्रेन. भावानं तिची नोंदणी रद्द करून घेतली. भंगारवाला दोनदा येऊन गेला. भाऊ म्हणाला, "ताई, तू सांगशील तसं." मी त्याला ती वही दाखवली.

ट्रक वडाखालीच आहे. गॅरेजात शिकायला येणारी आयटीआयची मुलं नव्या बीएस-सिक्स गाड्यांना संगणक लावून दोष वाचतात, ते त्यांना यायलाच हवं. पण दर रविवारी सकाळी भाऊ त्यांना शक्तिमानपाशी उभं करतो. ट्रक चालू होतो, आवारात दोन चकरा मारतो. मुलं हबला पालथा हात लावतात. मग गाडी जागेवर येते, टाकी भरली जाते आणि वही उघडली जाते. ही बत्तिसावी. सुट्टीत मी साताऱ्याला असले, की शेवटचं टिंब मी देते. त्याआधी भिंतीवरच्या दोन्ही फळ्या एकदा बघून येते. सावली रिकामी राहिलेली नाही ना, तेवढं बघायला.